सात वेढ्यांची गाठ

आगरवाडा, पेडणे
३ जून १९८७

प्रिय कृष्णनाथ,

अक्षर ओळखून तू हे पत्र न वाचताच फाडशील अशी भीती वाटली, म्हणून आत एक मासळीची गरी घातली आहे. टोक कानशीने घासून बोथट केलंय, तरी पाकीट जपून उघड. गरी पाहिलीस की पुढचं वाचशील, एवढं मी तुला ओळखतो.

तीन दिवस माझं कशात लक्ष नाही. जेवायला बसतो नि अर्ध्यावर उठतो. बायको काय झालं म्हणून विचारते, तर तिच्यावरच खेकसतो. हे पत्रही तिसऱ्यांदा लिहायला घेतलंय. लिहितोय मराठीतच, हाताला तेच वळण आहे. तू ते मनात आपल्या कोंकणीत वाच, म्हणजे राजभाषेचा प्रश्न निदान आपल्या दोघांपुरता मिटला. गेल्या शनिवारी गोवा राज्य झाल्याचे पेढे गोकुळदासच्या चहाच्या दुकानात वाटले. मीही खाल्ला. हिवाळ्यात त्याच बाकावर आपण मराठी की कोंकणी यावरून एकमेकांचे बाप काढले होते, ते आठवलं नि उरलेला अर्धा कागदात गुंडाळून ठेवला.

त्या भांडणाच्या आदल्या रविवारी तू माझ्या चार गऱ्या बांधून दिल्या होत्यास. इतकी वर्षं एकट्याच्या होडीतून गरवतोय, पण गाठ कधी नीट शिकलो नाही. सुताच्या दोरीला दोन वेढे पुरायचे, नायलॉनच्या तंगुशीला सात लागतात, थुंकीने ओली करून सावकाश ओढायची, हे तू किती वेळा सांगितलंस. मी आपला हो म्हणायचो नि गऱ्या तुझ्या मांडीवर टाकायचो. तू जाणार कुठे, असंच धरून चाललो होतो. होडीत माणूस एकटा, बूड पाण्याला टेकलेलं, मोठा मासा लागला की वल्हं सांभाळायचं की दोरी? तिथे भरवसा एका गाठीचा, नि सगळ्या गावाची गाठ तुझ्याकडे.

भांडणानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच खाडीतल्या जुन्या खांबांकडे गेलो. चोणक मासळी लागली. होडी फरफटत नेली तिने. मग एकदम दोरी सैल पडली नि हाती आली ती नुसती तंगूस, गरी गेली. पुढचं तुला ठाऊक आहे. धक्क्यावर येऊन मी सांगितलं की कृष्णनाथाने मुद्दाम कच्ची गाठ मारून दिली, भाषेचा राग गरीवर काढला. लोकांची डोकी तापलेलीच होती. त्यांनी ते धरून ठेवलं. आठवडाभर तुला धक्क्यावर मोकळ्या हातांनी बसलेलं मी लांबून पाहिलं. एकही माणूस गरी घेऊन आला नाही. मग तू शिरगावला गौरवीकडे निघून गेलास. मुलीच्या घरी चार दिवस राहून येशील असं वाटलं होतं, त्याला पाच महिने झाले.

सोमवारी धाकूला बांधावरच्या मानशीत, भरतीचं पाणी आत येतं त्या दारात लावलेल्या जाळ्यात, मोठी चोणक मिळाली. जबड्यात गरी, गरीला वीतभर तंगूस. धाकूने ती डोळ्यांजवळ नेली नि सगळ्यांदेखत म्हणाला, "ही कृष्णनाथाली गांठ न्हय रे?" सात वेढे, आणि टोकाला विडीचा चटका देऊन केलेला बारीक काळा मणी. तो तुझ्याशिवाय कोण करतो? गाठ जशीच्या तशी; तीच गरी या पाकिटात आहे. तंगूस कापली गेली ती खांबावरच्या कालवांच्या धारदार शिंपल्यांनी, हे पोरालाही कळलं असतं. सगळे हळहळले. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, सगुणा, रागात होते अशी चूक, जाऊ दे.

तेव्हापासून झोप नाही. आधीच्या दोन पत्रांत मीही चूक झाली असंच लिहिलं नि फाडलं. गाठ सुटली तर टोक कुरळं होतं, कापलं तर सरळ नि विसकटलेलं राहतं, हे तूच मला शिकवलं होतंस, आणि तेवढं एक मी शिकलो होतो. त्या सकाळी होडीत मी टोक पाहिलं होतं, कृष्णनाथ. सरळ होतं. कुणाला दिसू नये म्हणून सुरीने ते वीतभर कापून पाण्यात टाकलं आणि मग धक्क्यावर आलो. येत्या रविवारी सकाळी गोकुळदासच्या दुकानात मी हे उभं राहून सांगणार आहे. आलास तर तुझ्यासमोर, नाही आलास तरी सांगेन. माफ करायला ये, असं म्हणायला तोंड नाही मला. तू फक्त त्या बाकावर बसलेला असावास, एवढंच वाटतं.

तू म्हणशील तर तुझाच,
सगुण