मंगळवारचा भत्ता

ग्लासगो, ७ ऑगस्ट १९४६

ती. नेटाताईस,
सा. न. वि. वि.

काल सरकारचा मुलांचा भत्ता पहिल्यांदा हातात पडला. पहिल्या मुलाला देत नाहीत म्हणून थोरल्या मेझीचा मिळत नाही, धाकट्या दोघांचा मिळतो, आणि तोही आईच्या नावानं! पोस्टात बायकांची ही गर्दी. शेजारची डॉकर्टीबाई म्हणाली की लग्नानंतर पहिल्यांदाच कुणीतरी तिला न ओरडता पैसे दिले. सगळ्या खो-खो हसलो. येताना कलेजी आणली, कांद्यावर परतली. मुलांनी ताटल्या चाटल्या.

डूगलला मात्र रुचलं नाही. घरात दोन धनी कधीपासून, म्हणाला. दर मंगळवारी पोस्टात दाखवून पैसे घ्यायचं ते भत्त्याचं पुस्तक मागत होता, मी दिलं नाही. ओठ जरा सुजलाय, दार लागलं. भावजींना नमस्कार. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी इशबेल

आर्ब्रोथ, १० ऑगस्ट

चि. सौ. इशबेल हिस अ. उ. आ.

तुझ्या घरचं ते दार मला ठाऊक आहे. त्याला दारू चढते आणि डूगल म्हणून हाक मारली की ते ओ देतं. पुस्तक सोडू नकोस असं लिहिणार होते, पण धीर होईना. जीव राख. मुलांना घेऊन इकडे ये; मासळीच्या धुरीघरात तुला काम मिळेल. उत्तर लगेच टाक, माझा डोळा लागत नाही.

तुझी नेटाताई

ग्लासगो, १७ ऑगस्ट

ती. ताईस सा. न.

मंगळवारी मी रांगेत असताना डूगल आला. केसांना धरून त्यानं मला फरशीवर ओढलं, पुस्तक हिसकावून फाडलं. डॉकर्टीबाईनं बटाट्यांची पिशवी त्याच्या तोंडावर हाणली, बाकीच्याही तुटून पडल्या. तो रक्तबंबाळ होऊन पळाला आणि घरी माझी वाट बघत बसला. मी आत पाऊल टाकताच धावून आला. मेझी मध्ये पडली. त्यानं तिचा हात पिरगाळला. हाड मोडलेलं मला ऐकू आलं. मग शेगडीतली तापलेली सळई मी त्याच्या खांद्यावर घातली. जळक्या मांसाचा वास नाकातून जात नाही.

मेझीचा लोंबता हात बघून हवालदार म्हणाला, हे नवरा-बायकोचं भांडण. डॉकर्टीबाईनं पुस्तकाचे तुकडे पुढे केले, तेव्हा कुठे तो ताठ झाला. सरकारी मालमत्ता, म्हणाला, आणि बेड्या काढल्या. महिनाभराची कैद झाली ती कागद फाडल्याबद्दल. मेझीच्या हाताबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

इशबेल

ग्लासगो, १८ सप्टेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

तू बोलावतेस, पण मी आले नाही. घर माझं आहे.

डूगल शनिवारी सुटला आणि थेट इकडे आला. जिन्यात मजल्यामजल्यावर बायका उभ्या होत्या. त्यानं पहिल्याच फटक्यात डॉकर्टीबाईचे दात पाडले. तेवढ्यात वरून कपड्यांच्या उकळत्या पाण्याचा हंडा उपडा झाला. कुणी केला ते हवालदारालाही कळलं नाही, आणि तुलाही मी सांगणार नाही. डूगल किंचाळत रस्त्यापर्यंत गेला. आता इस्पितळात आहे. बरा झाला की भावाकडे न्यूकॅसलला जाईन, असा निरोप आलाय.

काल नवीन पुस्तक घेऊन पोस्टात गेले. दार वाजलं की मागे वळून बघत होते, तरी रांग सोडली नाही.

मेझीला विचारलं, बाबांची आठवण येते का. म्हणाली, येते. मग म्हणाली, पण ते यायला नकोत.

लोभ असू दे, आणि त्यातला थोडा मेझीसाठी वेगळा ठेव.

तुझी इशबेल