गिटारला जुळणारी पेटी

२२ सप्टेंबर १९६४, मंगळवार

आज मेलो असतो!

अक्षर वाकडं येतं आहे. ‘धक्का’ लिहावं की ‘शॉक’? धक्का शिवाजीनगरच्या बाजारात रोज लागतो. शॉक लिहितो.

दुपारी धाकटी बहीण प्रेमा गिटार घेऊन आमच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात आली. तिची हवायन गिटार, मांडीवर आडवी घेऊन वाजवायची. डाव्या हातात पोलादी कांडी, उजव्या बोटांना लोखंडी नख्या. गेल्या महिन्यात मीच तिला पिकअप बसवून दिला, म्हणजे ती आता विजेवर वाजणार. पण अँप्लिफायर नाही तर आवाज नाही. कोजागिरीला इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये तिचा कार्यक्रम आहे. पुढच्या महिन्यात, वीस तारखेला. दोनशे माणसं येणार.

दुकानात अँप्लिफायरच्या दोन पेट्या आहेत. दोन्हींत व्हॉल्व्ह आणि स्पीकर एकाच खोक्यात. एक दुकानाचे मालक सयाजीअण्णांनी स्वतः बनवलेली, हलकी, एका हाताने उचलते. दुसरी एका नाटक कंपनीने टाकून दिलेली, जड. प्रेमाने हलकीच उचलली. जोडली. सुरात लावून देतो म्हणून मी तारांना बोट लावलं. मी अनवाणी, फरशी नुकतीच पुसलेली—

खांद्यापर्यंत गेला. हात सुटला हे नशीब.

प्रेमा हसत होती. तिला वाटलं मी सोंग करतो. “काय झालं रे दादा?” म्हणाली.

“काही नाही. तार टोचली.”

असं का म्हणालो?

२३ सप्टेंबर

कारण सापडलं. अण्णांच्या पेटीत ट्रान्सफॉर्मर नाही, म्हणून ती हलकी. भिंतीतली वीज थेट पेटीच्या लोखंडी सांगाड्यात येते. तिथून वायरीने गिटारच्या तारांत. दोन पिनांचा प्लग एका बाजूने घातला तर टेस्टर विझलेला. उलटा घातला तर टेस्टर पेटतो. आणि प्लग दोन्ही बाजूंनी जातो! बघून कळत नाही.

प्रेमाच्या दोन्ही हातांत लोखंड असतं.

२५ सप्टेंबर

धीर करून अण्णांना सांगितलं. नेमकं गिऱ्हाईक बसलेलं होतं.

“अण्णा, आपल्या पेटीत स्वल्प करंट येतो.”

“येणारच की! वीज आहे ती, दूध आहे काय?” गिऱ्हाईक हसलं. मग अण्णा म्हणाले, “प्लगच्या वरच्या अंगाला लाल टिकली लाव. टिकली वर ठेवून घालायचा. संपलं. बिडो, सोड आता!”

मी म्हटलं, पण कोणी विसरलं तर. त्यावर अण्णा गिऱ्हाइकाकडे बघून म्हणाले, “सातवी नापास. मला रेडिओ शिकवतो.”

खरं आहे. नापास आहे. या दुकानाशिवाय मला कोण ठेवून घेणार? चामराजपेटेतल्या घरात कमावणारा मी एकटा.

लाल रंगाची टिकली लावली.

२८ सप्टेंबर

प्लग सतरा वेळा घालून पाहिला. सतराही वेळा बरोबर. तरी—

३ ऑक्टोबर

प्रेमाने दोन्ही पेट्या वाजवून पाहिल्या. अण्णांच्या पेटीजवळ मी आज रबरी चपला घालून, टिकली वर ठेवून, टेस्टर हातात धरून उभा होतो. आवाज गोड. मींड वर जाते तेव्हा तुटत नाही, गळ्यातून आल्यासारखी येते. हे मलाही नाकारता येत नाही. जड पेटीत ट्रान्सफॉर्मर आहे, करंट नाही, पण घूंऽऽ चालू. शिवाय गिटारचा आवाज आतच बुडतो.

“दादा, ही म्हशीसारखी हंबरते,” प्रेमा म्हणाली. “मला हलकीच हवी. तुला सुरातलं काय कळतं? तू नुसता टेस्टर लावत बसतोस.”

खरं कारण तेव्हाच सांगायला हवं होतं. पण अण्णा पाठीमागे उभे होते. शिवाय आई ऐकेल आणि कार्यक्रमच बंद करेल. प्रेमा मला जन्मभर माफ करणार नाही.

६ ऑक्टोबर

सायकलने हॉल बघून आलो. स्टेजच्या डाव्या बाजूला एक सॉकेट, उजव्या बाजूला एक. डाव्यात करंट वरच्या भोकात. उजव्यात खालच्या! म्हणजे टिकली वर ठेवली तरी एकीकडे ती जगणार, दुसरीकडे—

पुढचा शब्द लिहीत नाही.

७ ऑक्टोबर

जेवण गेलं नाही. आईने विचारलं. पोट बिघडलंय म्हटलं.

१४ ऑक्टोबर, बुधवार

आयुधपूजा. दुकान धुतलं, केळीचे खुंट बांधले, कोहळा फोडला. अण्णांची बायको कस्तुराक्का कुंकवाची वाटी घेऊन फिरली. इस्त्री, पक्कड, मीटर, सगळ्यांना बोट लावलं. सगळ्या प्लगनाही. वर लावलं, खाली लावलं. भक्तीने!

अण्णांच्या पेटीच्या प्लगला आता दोन्हीकडे लाल.

मी घाईने फडक्याने पुसायला लागलो. अक्कांनी पाहिलं. “अय्यो! पूजेचं कुंकू पुसतोस? हात झडतील तुझे!” सगळे थांबून माझ्याकडे बघायला लागले. अण्णा पुढे आले. “काय रे गुंड्या? काय खुपतंय तुला त्या पेटीत? एकदा बोल तरी.”

सरळ विचारलं होतं. रागावलेसुद्धा नव्हते. माझ्या तोंडात शब्द तयार होते: ही माणूस मारील.

मी म्हणालो, “प्रेमाच्या गिटारला जुळत नाही.”

अण्णा मोठ्याने हसले. “पत्रिका पाहिलीस काय? मंगळ आहे माझ्या पेटीला? सरी सरी, ने ती नाटकवाल्यांची म्हैस. बहीण तुझी, सोयरीक तू जुळव.”

सगळे हसले. मीही हसलो. सुटलो!

१७ ऑक्टोबर

तीन दिवस जड पेटीवर काम. जुने कंडेन्सर काढून नवे घातले, घूं जवळजवळ गेली. पिकअपचा आवाज दुबळा म्हणून पुढे एक व्हॉल्व्ह वाढवला. सांगाड्याला, तारांना, नख्यांना, कांडीला टेस्टर लावून पाहिला. प्लग सुलटा. प्लग उलटा. अंधार. परत पाहिला. अंधार!

प्रेमा माझ्याशी बोलत नाही.

१९ ऑक्टोबर

बोलली. अर्धा तास वाजवून म्हणाली, “घसा बसल्यासारखा आहे हिचा आवाज. पण खालचे सूर छान येतात.” मग परत पहिल्यापासून वाजवलं. मी दाराबाहेर उभा राहून ऐकलं. आत उभं राहून ऐकायची अजून हिंमत नाही.

२० ऑक्टोबर, कोजागिरी

काही झालं नाही.

देवा, काही झालं नाही! प्रेमा खुर्चीत बसली, कांडी तारेवर ठेवली, तेव्हा मी डोळे मिटले. मग सूर आला. मींड आली. डोळे उघडले तर पुढच्या रांगेतल्या एक बाई डोळे पुसत होत्या. दोन वेळा पुन्हा वाजवायला लावलं. अण्णाही आले होते. “म्हैस गायली रे!” म्हणून त्यांनी माझ्या पाठीत थाप घातली.

मसाला दूध पिताना प्रेमाने हळूच विचारलं, “दादा, खरं सांग. त्या दुसऱ्या पेटीत काय वाईट होतं?”

“जुळत नव्हती.”

आता सांगून काय करायचं? भरपूर जेवलो. महिन्यात पहिल्यांदा.

२१ ऑक्टोबर

सुट्टी घेतली. झोपलो.

२३ ऑक्टोबर, शुक्रवार

काल दुकानात गेलो तर अण्णांची पेटी जागेवर नव्हती. परवा विकली, मी रजेवर असताना. एक मास्तर आले होते, मुलींचा गिटारचा वर्ग काढणार म्हणून. नाव? अण्णांनी विचारलं नाही. गाव? “म्हैसूरकडचे असतील, नाहीतर मंड्याचे. टांग्यात घालून घेऊन गेले.”

आज दिवसभर स्टेशनवर आणि बस स्टँडवर विचारत फिरलो. कोणाला माहीत नाही.

मास्तरांनी विचारलं होतं म्हणे, पेटीत काही दोष नाही ना? अण्णा खुशीत मला सांगत होते: “मी म्हटलं, अजिबात नाही. आमच्या गुंड्याने महिनाभर तपासलीय.”