खडग आणि शिट्टी

९ ऑक्टोबर
निलंग्यात सोयाबीनची मळणी सुरू झाली की सगळ्या गावाला शिंका येतात. मला येत नाहीत. मला फक्त हवा बदललेली कळते. आज सकाळपासून एकोणीस वेळा कळली.
माझी बायको गुरम्मा हिने लातूरच्या डॉक्टरचा धोशा लावला आहे. महिन्यावर वीरभद्राची जत्रा. पालखीपुढे उभं राहून देवाची सोळा बिरुदं एका दमात म्हणायची, त्याला खडग म्हणतात. तो मान आमच्या घरचा. बावीस वर्षं मी म्हणतो आहे. माझी छाती डॉक्टर काय तपासणार?

१२ ऑक्टोबर
जिन्यात मध्येच बसलो. चिंतनासाठी. चिंतन करताना छातीतून शिट्टी का वाजते, असं बायकोने विचारलं. उत्तर दिलं नाही. दम नव्हता.

१४ ऑक्टोबर
लातूर. डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाचा. नळीत फुंकायला लावलं आणि गुरम्माकडे बघून मान हलवली. दमा, शिवाय धुळीची अ‍ॅलर्जी. माझं पेंड-सरकीचं दुकान. म्हणजे माशाला पाण्याची अ‍ॅलर्जी. घरातला धूप बंद करा म्हणाला. तिथेच उठलो.

१५ ऑक्टोबर
औषध चांदपाशाच्या मेडिकलमधून. कॅप्सूलची डबी आणि एक प्लॅस्टिकचं यंत्र. तो कसं घ्यायचं ते सांगू लागला. थांबवलं. आम्ही एका बाकावर शिकलो, गणित तो माझं बघून करायचा.
यंत्र म्हणजे शिट्टीच. माझा मेव्हणा विरूपाक्ष असली शिट्टी भर बाजारात तोंडाला लावतो. माणसाने किती घसरावं. सवय लागते म्हणे. यंत्र कपाटावर ठेवलं. कॅप्सूल गुळाच्या चहाबरोबर गिळली.

२० ऑक्टोबर
एक कॅप्सूल उघडून पाहिली. आत चिमूटभर भुकटी. देवळातला अंगारा याहून जास्त मिळतो.

२६ ऑक्टोबर
सकाळ-संध्याकाळ, न चुकता, देवाचं नाव घेऊन घेतो. गुण शून्य. आज तीन घेतल्या. हात थरथरले. भक्तिभाव असावा.
धूप दुप्पट केला. धुपाने रोग बाहेर पडतो. बाहेर पडताना छातीतून जातो, म्हणून ढास. संध्याकाळभर ओट्यावर बसून होतो.

२ नोव्हेंबर
खडगाचा सराव. अकरा बिरुदं झाली. उरलेली देवाला पाठ आहेत.
विरूपाक्ष येऊन गेला. म्हणाला, "दाजी, गरज पडली तर मी हाय मागं." शिट्टीवर जगणारा माणूस खडग म्हणणार. मी हसलो. नंतर दहा मिनिटं बोलता आलं नाही.

९ नोव्हेंबर
जत्रा. पालखी उचलली. धूळ, धूप, हलगी. चौथ्या बिरुदाला घसा मिटला. हलगी थांबली नाही. पाचवं बिरुद माझ्या मागून आलं. सोळाव्यापर्यंत विरूपाक्षच म्हणत गेला.
मग मला कट्ट्यावर बसवून त्याने स्वतःची शिट्टी माझ्या तोंडात दिली. मी फुंकली. भुकटी त्याच्या मिशीवर.
"दाजी, फुंकू नका. ओढा."
दुसऱ्यांदा ओढली. थोड्या वेळाने हवा आली. सगळं गाव बघत होतं.

१० नोव्हेंबर
चांदपाशा भेटायला आला. यंत्र मागितलं. कपाटावरून काढून दिलं. वरचं प्लॅस्टिकही फाडलेलं नव्हतं. कॅप्सूल किती उरल्या, विचारलं. एकही नाही, एक वेळ चुकवली नाही, असं मी ताठ मानेने सांगितलं.
त्याने प्लॅस्टिक फाडलं आणि यंत्र उघडून माझ्यापुढे धरलं.
"शिवप्पा, ही कॅप्सूल ह्यात घालून ओढायची असती, मग चूळ भरायची. तुझ्या पोटाला दमा न्हाई झालेला."
संध्याकाळी पंच आले. पुढच्या वर्षी खडग विरूपाक्ष म्हणेल. मी मागे उभं राहायचं, गरज पडली तर.

१८ नोव्हेंबर
आठवडा झाला. धूप बंद. यंत्र रोज ओढतो. आज देवघरात उभा राहिलो आणि खडग म्हटलं. सोळाच्या सोळा, एका दमात. ऐकायला फक्त गुरम्मा होती.
ती म्हणाली, औषध ओढल्यावर चूळ भरायची राहिली.