नव्या भिंतीला लावलेला ओळंबा

गुरुवार, १४ तारीख

चि. बारक्यास,

ताईचा आशीर्वाद. आम्ही सगळे बरे आहोत. वहिनीचा खोकला थांबला का? तिला म्हणावं, औषधाची बाटली नुसती कपाटात ठेवून खोकला जात नाही. तुझ्या दाजींचा गुडघा पुन्हा कुरकुरतोय, पण ते जिने चढायचं सोडत नाहीत. माझं ऐकायचं मात्र त्यांनी कधीच सोडलंय.

दोन गल्ल्या पलीकडे राहणारी बहीण पत्र का लिहिते, म्हणून चक्रावला असशील. आठवडा झाला, तू फोन उचलत नाहीस, आणि दारात आले की वहिनीला पुढे करतोस. बायबलमधला योना देवाला चुकवायला निदान बोटीत तरी बसला होता. तू मागच्या खोलीत जातोस.

तर ऐक. चर्चमधला आमचा बायकांचा बुधवारचा वर्ग तुला माहीत आहे. सध्या आम्ही संदेष्टे वाचतोय. मला इतकी वर्षं वाटायचं, संदेष्टे म्हणजे भविष्य सांगणारी माणसं. वाचायला बसल्यावर कळलं, ही तर समोरचं सांगणारी माणसं. सगळ्यांना दिसतंय आणि कोणी बोलत नाही, ते. त्यातला आमोस साधा गुराखी, पण मोठा हुशार. आधी शेजारच्या राज्यांची पापं एकेक करून सांगतो. तेव्हा ऐकणारे माना डोलावत असणार. आमच्या वर्गातही डोलावल्या. मग तो हळूच ऐकणाऱ्यांच्याच दारात येऊन उभा राहतो.

पुढे त्याला देव भिंतीपाशी ओळंबा धरून उभा दिसतो. मागच्या आठवड्यात वर्गातल्या शिंपीणबाईंनी विचारलं, ओळंबा म्हणजे काय. मला वाटलं, सांगण्यापेक्षा दाखवू. माझा भाऊ ठेकेदार, त्याने रविवारच्या शाळेसाठी बांधलेली नवी खोली चर्चच्याच वरच्या मजल्यावर, त्याची हत्यारांची पेटी तिथेच पडलेली. मिरवायची हौस दांडगी ना माझी. सगळ्यांना वर नेलं आणि तुझ्या पेटीतून ओळंबा काढला. त्याचा दोरा अजून दुकानातल्या कागदात गुंडाळलेला होता, बारक्या. म्हणजे तो एकदाही भिंतीला लावलेला नव्हता.

स्टुलावर चढून भिंतीच्या वरच्या टोकाला दोरा धरला आणि वजन खाली सोडलं. दोरा वर भिंतीला चिकटलेला, आणि खाली दोरा आणि भिंत यांच्यामध्ये माझा अख्खा तळवा मावला. म्हणजे भिंत आत झुकलेली, नेमकी मुलांच्या बाकांवर.

मीच म्हटलं, पंख्याच्या वाऱ्याने दोरा हलला असेल. पंखा बंद होता. नर्सबाई वर पंख्याकडे बघत राहिल्या, आणि मी घाईघाईने प्रार्थना करून वर्ग सोडला. हे मी अजून तुझ्या दाजींनाही सांगितलेलं नाही.

घरी आल्या आल्या तुला फोन लावला. वाटलं होतं, तू म्हणशील, काहीतरी चुकलंय, येऊन बघतो. तू म्हणालास, "अगं, डोळ्यांना कुठे दिसतंय? रंग लागला की कोणाला कळणार आहे? घरातली गोष्ट घरात ठेव."

म्हणजे तुला ठाऊक होतं. मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. भिंत चुकू शकते, माणसाचा हात आहे. पण ठाऊक असून तिच्यावर रंगारी लावणं, याला माझ्याकडे एक शब्द आहे आणि तो मी पत्रात लिहीत नाही. त्या भिंतीखाली रविवारच्या शाळेची मुलं बसणार आहेत. तुझी धाकटीही.

मी तो उतारा पुन्हा काढून वाचला. ओळंब्याच्या आधी आमोसाला शिक्षेची दोन दृश्यं दिसतात, आणि दोन्ही वेळा तो देवापुढे गयावया करतो: हे लोक लहान आहेत, कसे तग धरतील? देव दोन्ही वेळा ऐकतो. तिसऱ्यांदा ओळंबा दिसतो, तेव्हा आमोस गयावया करत नाही. ते वाचून मला रडू आलं. मी तुझ्यासाठी जन्मभर हेच करत आले ना. बाबांपुढे, मास्तरांपुढे, आणि या ठेक्याच्या वेळी चर्चच्या पाळकांपुढे. लहान आहे तो, सांभाळून घ्या. आता तुझे केस पिकले तरी माझी वकिली चालूच आहे. आमोसाची माया काही आटली नव्हती, पण भिंत सरळ आहे की नाही यात कोणाची वकिली चालत नाही. म्हणून मीही आता ती थांबवतेय.

भीती मलाही वाटते. ठेका तुला माझ्या शब्दावर मिळाला, तेव्हा तोंड माझंही काळं होणार. होऊ दे. वाचायचं एक आणि वागायचं भलतंच, असं करून मला त्या बायकांसमोर बुधवारी बसता येणार नाही. विश्वास म्हणजे नुसत्या माना डोलावणं नव्हे, एवढं तरी मी या संदेष्ट्यांकडून शिकले.

खोलीला मी कुलूप लावलंय आणि रंगाऱ्यांना परत पाठवलंय. त्यांनी मनात शिव्या दिल्या असतील, त्या तू वाटून घे.

भिंत पाडावी लागेल. पाड आणि पुन्हा बांध. तोच आमोस शेवटी पडलेली झोपडी पुन्हा उभी राहण्याबद्दल बोलतो, पानं उलटून बघ. विटा उचलायला मी येईन, तुझे दाजी गुडघा धरून येतील, आणि सगळ्यांच्या जेवणाचे डबे माझ्याकडे लागले.

रविवारी उपासना संपली की पाळक विचारतात, कोणाला काही सांगायचंय का. तेव्हा मी सगळं सांगणार आहे, भिंत कोणाची आणि शब्द कोणाचा. तू त्या दिवशी माझ्या बाकावर, माझ्या शेजारी येऊन बस. पाळकांनी विचारल्यावर मी थोडं थांबेन. तेवढ्यात तू स्वतः सांगायला उठलास, तर मी जागची हलणार नाही आणि त्या भिंतीबद्दल जन्मात पुन्हा चकार शब्द काढणार नाही. तू नाही उठलास, तर मी उठेन.

उठले तरी तुझीच,
ताई