दुसरा कंट्रोलर बंद होता

प्रिय भिंगरी,

काल फोनवर तू म्हणालीस की त्या लांबच्या शहरातल्या नव्या नोकरीला तू नकार कळवणार आहेस. शुक्रवारपर्यंत मुदत आहे, पण तुझं ठरलं आहे. कारण विचारलं तर हसलीस. म्हणालीस, "बाबा, जिला एका सेन्सरचा बिघाड नऊ दिवस सापडत नाही, ती दहा जणांना काय शिकवणार?" फोनवर मला नीट बोलता येत नाही, हे तुला ठाऊक आहे. म्हणून लिहितो. खालचा शिंपी उद्या तुमच्या बाजूला कापड आणायला जाणार आहे. तो पत्र तुझ्या हातात देईल.

तू सात वर्षांची असताना घरातल्या सगळ्या स्विचांवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्यास. हा पंखा. हा दिवा. हा काहीच नाही. त्या शेवटच्या चिठ्ठीवर तुझी आई आठवडाभर हसत होती. आता तू पोटापाण्यासाठी तेच करतेस, असं मी एकदा म्हणालो तर तू रागावली नाहीस. उलट मला समजावून सांगितलंस. चिपला आपल्या अंगाखांद्यावर कोण बसलं आहे हे स्वतःहून कळत नाही. ते फाइलमध्ये लिहून द्यावं लागतं: चिपमधला कुठला कंट्रोलर, म्हणजे बाहेरच्या भागांशी बोलणारा विभाग, चालू, कुठला बंद, कुणाच्या हाताखाली काय जोडलं आहे, कुठल्या पिनेनं काय काम करायचं. एक पिन चार कामं करू शकते, पण एका वेळी एकच. त्यावर मी म्हणालो, पिनेला अक्कल आहे, आपल्या घरातल्या बायकांना नाही. तू माझ्या पाठीत धपाटा घातलास.

निवृत्तीनंतर तुमच्या ऑफिसनं मला सर्किट बोर्ड आखायचं काम दिलं, तेव्हा मला वाटलं, बरं झालं. बाप आखतो, लेक त्याचं वर्णन लिहिते. पण बोर्ड टपालानं जायचा, त्यावरच्या जोडण्यांचा नकाशा मेलवर जायचा आणि तू महिन्यातून एकदा यायचीस, तीही घड्याळ बघत. तुझं चुकत नव्हतं. कामच तसं आहे.

मग मी आखलेला तो औषधांच्या फ्रिजचा बोर्ड तयार होऊन आला आणि तापमानाचा सेन्सर बोलेना. पहिल्या संध्याकाळी तू बोर्ड, लॅपटॉप आणि वायरींचं भेंडोळं घेऊन दारात उभी राहिलीस. आईचं शिवणाचं स्टूल ओढलंस आणि माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर ठाण मांडलंस. सलग नऊ दिवस, रोज संध्याकाळी. तीन सेन्सर बदललेस. फाइल डोळ्यांत तेल घालून वाचलीस, मला मोठ्यानं वाचून दाखवलीस. पहिला कंट्रोलर चालू, त्याच्या दोन पिना त्याच्या कामाला लावलेल्या, त्यांच्याखाली सेन्सर, त्याचा पत्ता. सगळं जिथल्या तिथे. तरी सेन्सर मुका. "अरे बाबा, बोल की एकदा," असं तू म्हणायचीस आणि मी मान वर केली की, "तुम्ही नाही हो, तो." मधेच टोस्ट करपवायचीस. सेन्सर सोडून भलतंच सांगत बसायचीस. नोकरीच्या पहिल्या वर्षी तू ऑफिसच्या जिन्यात बसून रडायचीस, हे मला तिसऱ्या संध्याकाळी कळलं. आईचा चष्मा तुझ्या कपाटात आहे, हे सहाव्या.

नवव्या दिवशी मी म्हणालो, दुसरा कंट्रोलर चालू करून बघ. त्याच्या पिना लाव, सेन्सर त्याच्याखाली लिही. तू मला वेड्यात काढलंस, तरी लिहिलंस. पडद्यावर आकडा उमटला. "चोवीस! बाबा, चोवीस दाखवतोय!" तू माझ्या गळ्यात पडलीस. मग नकाशा पाहिलास. त्यात सेन्सर पहिल्याकडेच होता. "माझ्याकडची प्रत जुनी असणार. नवी मागायला हवी होती मी," तू म्हणालीस. मी मान हलवली. तू म्हणालीस, "तुम्ही एका नजरेत ओळखलंत. ती नजर माझ्यात नाही." मी चहा पीत राहिलो.

ती नजर नव्हती, भिंगरी. नवी प्रत निघालीच नव्हती. सेन्सरच्या रेघा आखताना मधे स्क्रूचं भोक आडवं आलं, म्हणून मी सेन्सर पलीकडच्या पिनांवर नेला, दुसऱ्या कंट्रोलरच्या. तिकडून रेघ सरळ जात होती. बोर्ड तसाच बनला. नकाशाच्या माझ्या कागदावर मी पेन्सिलनं दुरुस्ती केली आणि तुला सुधारलेली प्रत पाठवायचं विसरलो. तू नकाशाबरहुकूम लिहिलंस. ज्याच्याकडे कुणी नाही तो कंट्रोलर बंद ठेवलास, तेही बरोबर. तुझ्या फाइलमध्ये एक अक्षर चुकलेलं नव्हतं.

विसरलो, याचं मला फारसं काही वाटत नाही. अडुसष्टाव्या वर्षी माणूस विसरतो. पण हे मला नवव्या दिवशी कळलं नाही. दुसऱ्या संध्याकाळी कळलं. तू चहा ठेवायला आत गेली होतीस, मी माझा कागद काढून पाहिला आणि माझ्या ओठांवर आलं, अगं, सापडलं. तेवढ्यात तू दोन कप घेऊन आलीस, स्टुलावर पाय वर घेऊन बसलीस आणि लॅपटॉपकडे न बघता म्हणालीस, "आज घाई नाही हां मला." मी तो कागद टेबलावरच्या मेणकापडाखाली सरकवला.

पुढचं याहून वाईट आहे. पाचव्या दिवशी तू विचारलंस, "नकाशात काही बदललं नाही ना, बाबा?" मी म्हणालो, नाही. तू रेघा तपासायला मीटर काढलास, तर "दे इकडे, दमलीस" म्हणून मी तो घेतला, टोकं टेकवली आणि ठीक आहे म्हणालो. म्हणजे पाचव्या दिवशी तुझी शंका नेमकी जागेवर पोचली होती. तिला मी दारातून परत पाठवलं. याला नजर नसणं म्हणत नाहीत. बापावर विश्वास ठेवणं म्हणतात, आणि त्यात चूक तुझी नव्हती.

काल तू नकार देणार म्हणालीस तेव्हा क्षणभर मला बरं वाटलं. तू इथेच राहशील, येत राहशील. फोन ठेवल्यावर त्या बरं वाटण्याची लाज वाटली. तुला "ये, बस जरा" एवढं म्हणणं मला आई गेल्यापासून चार वर्षांत जमलं नाही, त्यासाठी एक बिघाड लागला, आणि त्या बिघाडावरून तू स्वतःला नापास करून बसलीस. मी हे सांगितलं नसतं तर तू राहिली असतीस. म्हणूनच सांगणं भाग होतं. आता माझं एवढं ऐक. आधी त्यांना होकार कळव. मग माझ्यावर रागव, मनसोक्त. त्यासाठी फोन करू नकोस, समोर येऊन रागव. मी घरीच आहे.

तुझाच,
बाबा