सरसर सुई

३ ऑक्टोबर, सकाळी
रिटायर झाल्यापासून हरवलेली आयुष्याची दिशा आज चहा पिताना सापडली. ही समोर बसून विणत होती. लेकीला आठवा महिना लागलाय, बाळासाठी पिवळा स्वेटर चाललाय. माझ्या लक्षात आलं की थोडे टाके झाले की ही ते अंगठ्याने पुढे ढकलते. ढकलते! म्हणजे फ्रिक्शन. बेअरिंगच्या कारखान्यात उभा जन्म मी ज्याच्याशी लढलो ते माझ्याच घरात, माझ्याच सोफ्यावर बसलं होतं. जगभरच्या बायका इतकी वर्षं ढकलतायत आणि कुणालाच काही वाटलं नाही.
संकल्प: विणकामाची बिनघर्षणाची सुई. नावही सुचलं. सरसर.
हिला सांगितलं. म्हणाली, आधी बाथरूमचा नळ बघा, गळतोय. मोठ्या कामाच्या सुरुवातीला घरचे असंच बोलतात.

५ ऑक्टोबर
मार्केट रिसर्च म्हणून स्वतः विणायला शिकायचं ठरवलं. ही शिकवायला बसली. लोकर सुईपेक्षा चष्म्याच्या दांडीतच जास्त गुंतली. मान अवघडली. निष्कर्ष: डिझायनरने तटस्थ राहावं. जहाज बांधणाऱ्याला मासा असावं लागत नाही.
नळ रविवारी.

१२ ऑक्टोबर
लेथवाल्याकडून पहिली जोडी आली. स्टील, आरशासारखं पॉलिश. त्यात माझा चेहरा दिसतो, जरा लांबट. लेथवाल्याने बायकोला दाखवायला माझा सुयांसकट फोटो काढून घेतला. मी निघाल्यावरही तो आणि शेजारचा वेल्डर बराच वेळ फोटो पाहत होते. पहिले चाहते.
घरी टेबलावर ठेवली तर एक सुई आपण होऊन निघाली आणि फ्रिजखाली गेली. कुणी हात लावला नव्हता. याहून मोठा पुरावा काय हवा? हिने आपली जुनी बांबूची सुई फ्रिजखाली घालून ती बाहेर काढली. या बांबूच्या सुया तिच्या आईच्या. एक जरा वाकलीय. मी त्यांना आदिमानव मॉडेल म्हणतो. ही हसत नाही.

१९ ऑक्टोबर, दुपारी
सरसरवर स्वेटर विणून पाहा म्हणून हिला आग्रह केला. साफ नाही म्हणाली. बाळ होऊ दे, मग तुमच्या सुयांवर वाटेल ते विणते. या स्वेटरला हात लावायचा नाही.
कारण आहे. लेक झाली तेव्हा कपडे वेळेवर जमले नव्हते, तिला टॉवेलात गुंडाळून घरी आणलं होतं. टॉवेल उत्तम प्रतीचा होता. पण ही ते अजून काढते. नातवंड दवाखान्यातून निघेल ते आपल्या हातच्या स्वेटरमध्ये, एवढंच हिचं म्हणणं. त्यात आज विहीणबाईंनी त्यांनी विणलेल्या टोपीचा फोटो पाठवला. हिने तो मोठा करून करून पाहिला. 'बरी आहे,' म्हणाली, आणि विणायचा वेग वाढला. अंगठ्याचं ढकलणंही वाढलं. बघवत नाही.

२६ ऑक्टोबर
लाँचची तारीख ठरली! सोसायटीच्या हॉलमध्ये दर आठवड्याला विणकाम करणाऱ्या बायका जमतात, तिथे. हीसुद्धा जाते. भाषण लिहायला घेतलं. विषय: घर्षण आणि मानवजात. लांबी आटोक्यात ठेवायचा संकल्प. चाकाच्या शोधापर्यंत आलोय.
नळाखाली बादली ठेवली. तात्पुरता प्रश्न सुटला.

२ नोव्हेंबर, सकाळी
लाँचचा दिवस. एक अडचण होती. नुसती सुई दाखवून काय कळणार? डेमो हवा, आणि तोही खऱ्या विणकामाचा. सहज विचार केला तर घरात खरं विणकाम एकच आहे. ही डेंटिस्टकडे गेलीय, तिथून परस्पर हॉलवर येणार. स्वेटरला हात लावायचा नाही असं ही म्हणाली होती, पण मी फक्त सुई बदलतोय. स्वेटर तसाच आहे. एकेक टाका चिमट्याने बांबूवरून सरसरवर घेतला. घाम फुटला, पण दृश्य देखणं. पिवळी लोकर, चकचकीत स्टील. हिच्या डोळ्यांत पाणी येणार.

२ नोव्हेंबर, संध्याकाळी
हॉल भरला होता. भाषण रंगलं. बायका विणता विणता ऐकत होत्या, एकीने मधेच मोज्याची टाचसुद्धा पुरी केली. ही डेंटिस्टकडून आली ती पुढच्याच रांगेत बसली. अर्धं तोंड बधिर होतं.
शेवटी मी सुई उंच धरली. जरा तिरकी झाली असावी. टाके निघाले. सगळे, ओळीने, एकही अडखळला नाही. तांत्रिकदृष्ट्या चाचणी शंभर टक्के यशस्वी. पण स्वेटर खाली चालला होता म्हणून मी हाताला लागला तो धागा पकडून ओढला. तो धागा ओढायचा नसतो म्हणे. बायका एकदम उठल्या. त्या पोचेपर्यंत पिवळ्या लोकरीचा ढीग माझ्या बुटांवर होता.
हॉलमध्ये पहिल्यांदाच सगळ्यांच्या सुया थांबल्या. ही बसल्या जागेवरून म्हणाली, 'ते माझं आहे.'
घरी येईपर्यंत काही बोलली नाही. इंजेक्शनचा असर असणार.

३ नोव्हेंबर
असर अजून आहे. घरात फक्त नळाचा आवाज.
आज नळ केलाच. आता गळत नाही. वाहतो. प्लंबर येतोय.

४ नोव्हेंबर
ही नवी लोकर आणून पुन्हा पहिल्यापासून विणतेय. अंगठ्याने ढकलते. अजून वेळ आहे, तारीख लांब आहे. होईल.

७ नोव्हेंबर
नात झाली! आधीच आली, तारखेची वाट न पाहता. दोघी ठीक. नाक माझं आहे असं मी सोडून कुणी म्हणत नाही.
हिच्या सुयांवर चार बोटं रुंद पट्टी आहे.

१० नोव्हेंबर
नात दवाखान्यातून लेकीच्या सासरी गेली. आम्हीही तिथे गेलो होतो. अंगात विहीणबाईंचा निळा स्वेटर, डोक्यावर ती टोपी. हिने बाळाला जवळ घेतलं, स्वेटरची कड उलटून टाके पाहिले आणि विहीणबाईंना म्हणाली, 'छान विणलंय हो.' परतताना गाडीत खिडकीकडे तोंड करून बसली होती. आता इंजेक्शनचं कारण देता येत नाही.
मला फार वाईट वाटलं. इथे काहीतरी तांत्रिक कारण लिहिणार होतो. नाही सुचलं.

१७ नोव्हेंबर
सरसरला काम मिळालं. बाल्कनीतल्या टोमॅटोच्या रोपाला आधार. रोप सारखं खाली घसरतं.
उसवलेली लोकर वाकडीतिकडी झाली होती. हिने तिच्या लडी करून धुतल्या, वाळवल्या. आता नातीला पुढच्या थंडीत बसेल अशा मापाचा स्वेटर विणणार आहे. दुपारी मला समोर बसवलं, दोन्ही हात पुढे करायला लावले, लड त्यावर चढवली आणि गुंडा करायला घेतला. ही नोंद त्यामुळेच उशिरा.
माझ्या डोक्यात लगेच आलं की याला एक फिरता स्टँड करता येईल, खाली बॉल बेअरिंग. सांगायला सुरुवात केली. हात हलले, लोकर अडकली.
'अहो, हलू नका.'
हललो नाही. मग लोकर भराभर सुटत गेली. गुंडा संत्र्याएवढा झाला तेव्हा ही म्हणाली, 'तुमच्या हातांवरून किती छान येते. कुठे अडत नाही.'
खांदे भरून आलेत. उद्या दुसरी लड आहे.