झाकण उघडू नका

मळमड्डी, धारवाड
सोमवार

प्रिय नेत्रा,

तू पाठवलेला स्लो कुकर आला तेव्हाच मला संशय आला. आईला आता गॅसपाशी उभं राहणं झेपत नाही, असं तू आणि रोहितने परस्पर ठरवलं असणार. तरी वापरते. दुपारी बटाटे, गाजर, घेवडा, मटार, टोमॅटो आत ढकलायचे, झाकण लावायचं आणि विसरायचं. सातला वरून चीज किसलं की रात्रीचं जेवण तयार. कॅसरोल म्हणे! चव वाईट नाही, एवढं कबूल करते.

पण महिन्याभरापूर्वी माझ्या लक्षात आलं, की शिजताना भांड्याच्या कडेला जी रेघ उमटते ती वर, आणि जिन्नस दोन बोटं खाली. मी साडेपाचला लायब्ररीत जाते, सातला येते. तेवढ्यात इतकं आटत नाही. तुझे अप्पा बाहेरच्या खोलीत पेपर धरून बसलेले. जेवायला बसले की दोन घास खाऊन म्हणायचे, "पुरे, भूक नाही." दिवाळीपासून त्यांचे शर्ट ढगळ झालेत. मी त्यांच्यासाठी रांधायचं आणि खायचं दुसऱ्याच कुणी? सहाला भांडी घासायला येते ती वेणूबाई. तिला उभी करून नाही नाही ते बोलले. "अव्वा, ना मुट्टिल्लरी," मी हात लावला नाही, म्हणत ती रडली आणि दुसऱ्या दिवसापासून यायची बंद झाली. मी मनात म्हटलं, बघा, चोराच्या मनात चांदणं.

ती गेली, तरी रेघ वर आणि जिन्नस खालीच.

बुधवारी मी लायब्ररीच्या वाटेवरूनच परतले आणि मागच्या अंगणातून स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहिले. अप्पा ओट्याशी होते. गळ्यात टॉवेल बांधलेला, कोपर ओट्यावर घट्ट रोवलेलं, डाव्या हाताने उजवं मनगट धरलेलं. तरी चमचा थरथरत होता. निम्मं टॉवेलवर सांडत होतं आणि ते भराभर खात होते, भुकेल्या माणसासारखे. मग त्यांनी ओटा पुसला, चमचा विसळून जागेवर ठेवला. दिवाळीत त्यांच्या हातून सार सांडलं तेव्हा मी काय म्हणाले होते, आठवतं? सगळ्यांसमोर म्हणाले, "लहान मूल आहात का? कोपर काढा टेबलावरून." कॉन्व्हेंटमध्ये नन्सनी शिकवलेलं मी तुम्हा सगळ्यांना आयुष्यभर शिकवलं. फार चांगलं शिकवलं.

मी आत गेले नाही. तशीच वेणूबाईच्या घरी गेले आणि तिची माफी मागितली. ती उद्यापासून येते म्हणाली. चहा मात्र विचारला नाही, आणि बरोबरच केलं.

हे सगळं तुला आत्ताच लिहितेय, कारण शुक्रवारी तुम्ही येणार. घर भरलेलं असलं की हा माणूस चार दिवस उपाशी राहील. डॉक्टरांकडे कसं न्यायचं ते मी बघते. तू एवढंच कर: रोज साडेपाचला रोहितला आणि मुलांना घेऊन माझ्याबरोबर बाहेर पड, सातच्या आत परतायचं नाही. मी हल्ली कुकरशेजारी खोलगट वाडगा आणि मोठा चमचा ठेवून जाते; ते का, हे विचारू नकोस. आणि कुकरबरोबरच्या पुस्तिकेत तू लाल शाईने खूण केलीस ना, मध्येच झाकण उघडू नका म्हणून? ते पान मी फाडून टाकलंय.

तुझीच,
आई